गंजीफांची पेटी आणि तिचें मोल

कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदीं दक्षिण टोंकाला चंदगड तालुका आहे. त्याच्या एका अंगाला बेळगांवची सपाटी आहे आणि दुसऱ्या अंगाला सह्याद्रीचा कडा. कडा उतरला कीं सावंतवाडीचा मुलूख व त्यापलीकडे गोमंतक लागतो. 1956 सालीं राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हां बेळगांव जिल्हा म्हैसूर राज्यांत गेला, पण त्यांतला चंदगड तालुका तेवढा वगळून मुंबई राज्यांत ठेवण्यांत आला. तेव्हांपासून तो कोल्हापूर जिल्ह्यांत मोडतो. ताम्रपर्णीच्या कांठचें हें गांव पूर्वींपासून वाटेवरचें गांव आहे. पारगडाच्या बाजूनें उतरणारा रामघाट ही घाटमाथ्याची आणि तळकोंकणची जुनी पायवाट. या वाटेनें धान्य खालीं जाई, मीठ आणि नारळ वर येत, आणि त्यांच्याबरोबर वाडीच्या चितारी लोकांनीं रंगविलेले पाट, पाळणे आणि खेळणींही घाट चढत असत.

अशा मुलखांतील एखाद्या जुन्या घरांत भावाभावांच्या वाटण्या होऊं लागल्या, किंवा कौलें काढून स्लॅब घालावयाचें ठरलें, म्हणजे माळ्यावरच्या वस्तू खालीं येतात. त्यांत पितळेची समई असते, लांकडी पायली-अडिशऱ्या असतात, फुटका पाळणा असतो. या सर्वांच्या तळाशीं कधीं कधीं एक लहानशी लांकडी पेटीही निघते. तिचें झांकण खांचेंतून सरकणारें असून त्यावर धुराच्या थराखालीं फुलांची वेल अंधुक दिसते. झांकण सरकविलें कीं आंत तळहातावर मावतील अशा गोल चकत्या रचून ठेवलेल्या आढळतात. पाठीमागून सर्व एकरंगी. पुढून मात्र कोणावर मासा, कोणावर कांसव, कोणावर परशु. घरांतलीं मुलें विचारतात, हें काय? घरांतले कर्ते पुरुष सांगतात, जुने पत्ते आहेत, पणजोबांचे. एवढ्यांत दाराशीं जुन्या वस्तूंचा फिरता व्यापारी येतो, पेटी उलटीसुलटी करून पाहतो, आणि समई व पेटी मिळून एक आंकडा सांगतो. हा आंकडा योग्य कीं अयोग्य, या प्रश्नाचें उत्तर घरांतल्या कोणालाच देतां येत नाहीं. कारण पेटींत काय आहे हेंच कोणाला ठाऊक नसतें. आजच्या भाषणाचा विषय हीच पेटी, आणि तिचें दिवसेंदिवस वाढत चाललेलें मोल.

त्या चकत्या म्हणजे गंजीफांचीं पानें होत. गंजीफा हा शब्द फारसींतून आलेला असून मोगलांबरोबर हा खेळ उत्तर हिंदुस्थानांत रुजला. बाबरानें 1527 सालीं सिंधच्या शहा हसनकडे गंजीफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. आणि अकबराच्या दरबारीं हा खेळ कसा खेळत तें अबुल फजलनें ऐने-अकबरींत विस्तारानें लिहून ठेविलें आहे. मोगली गंजीफांत आठ रंग आणि 96 पानें. हिंदु समाजानें हा खेळ उचलला तेव्हां ते आठ रंग बाजूला ठेवून त्यांच्या जागीं विष्णूचे दहा अवतार बसविले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. प्रत्येक रंगांत एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. म्हणजे एकंदर 120 पानें. माशाच्या रंगाचें सप्तक म्हणजे सात मासे, परशुरामाच्या रंगाचें पंचक म्हणजे पांच परशु. नवव्या अवताराच्या जागीं प्रांतोप्रांतीं निरनिराळी मूर्ति येते. ओढिशांत तेथें जगन्नाथ बसतो, तर महाराष्ट्रांतील कांहीं संचांत विठोबा उभा असतो. ज्या प्रांताचा जो लाडका देव, त्याला त्या प्रांतानें पत्त्यांतही स्थान दिलें.

खेळ बहुधा तिघांचा. पानें जाड आणि गोल असल्यामुळें तीं हल्लींच्या पत्त्यांप्रमाणें पिसतां येत नाहींत. पसरलेल्या वस्त्रावर उलथीं टाकून हातानें कालवावीं लागतात. दशावताराचा डाव दिवसा मांडला तर आरंभाचा मान रामाच्या रंगाचा, रात्रीं मांडला तर कृष्णाचा. दहा रंगांपैकीं निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. तेव्हां कोणत्या रंगांत कोणता क्रम आणि कोणतें पान उतरून गेलें, याची आठवण ज्याला राहील तोच जिंकणार. 120 पानांचा हा हिशेब डोक्यांत ठेवावयाचा, आणि तोही गप्पा चालू असतांना! पत्ते म्हणजे वेळेचा अपव्यय असें मानणाऱ्या वडील मंडळींनींही या खेळाकडे काणाडोळा केला, याचें एक कारण त्याच्या निमित्तानें होणारें देवाचें नामस्मरण हें असावें, आणि दुसरें कारण ही स्मरणशक्तीची तालीम.

महाराष्ट्रांत या पानांचें मोठें माहेरघर म्हणजे सावंतवाडी. अठराव्या शतकांत तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकीर्दींत तेलंगणांतून आलेल्या पंडितांमुळें हा खेळ संस्थानांत आला आणि तेथील चितारी लोकांनीं पानें बनविण्याचें काम हातीं घेतलें, अशी परंपरा सांगतात. वाडींत चितारआळी आजही आहे. पानाची घडण सोपी दिसते, पण आहे मोठी चिकाटीची. जुन्या वस्त्राचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक डकवावयाचे, त्यांवर खडूचा लेप द्यावयाचा, वाळल्यावर घोटून गुळगुळीत करावयाचें, गोल कापावयाचें, मग रंग भरावयाचे आणि शेवटीं लाखेचा हात द्यावयाचा. दरबारी संचांत राजाच्या पानावर सिंहासन, छत्र, सेवक असा सगळा थाट. बाजारी संचांत चितारी चार फटकाऱ्यांत मासा उठवी आणि पुढचें पान घेई. धनिकांसाठीं हस्तिदंताचे आणि कांसवाच्या पाठीचेही संच होत. पण घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याच्या, कुलकर्ण्याच्या किंवा देसायाच्या माळ्यावर सांपडण्याचा संभव या बाजारी संचांचाच अधिक.

पुढें विलायती छापील पत्ता आला. 52 पानांचा, चौकोनी, पातळ, खिशांत मावणारा आणि अत्यंत स्वस्त. भिजला तर टाकून द्यावा, हरवला तर नवा आणावा. हातानें रंगविलेल्या 120 पानांनीं त्याच्याशीं स्पर्धा ती काय करावी? खेळ मागें पडला, मग जाणते मागें पडले, आणि शेवटीं चितारी दुसऱ्या कामाला लागले. गंजीफांच्या पेट्या माळ्यावर गेल्या त्या अशा. त्या कोणी जाणूनबुजून जपल्या नाहींत. केवळ टाकून देण्याचें कोणाला सुचलें नाहीं, म्हणून त्या उरल्या.

हातानें बनविलेली वस्तु स्वस्त मालापुढें हरावी, दोन पिढ्या अडगळींत पडावी आणि तिसऱ्या पिढींत तिचा शोध सुरू व्हावा, ही कथा केवळ गंजीफांची नाहीं. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांवर समुद्राच्या लाटांवर फळी टाकून तिच्यावर उभें राहून किनाऱ्याकडे येण्याचा खेळ फार प्राचीन आहे. तेथील सरदार घराण्यांच्या लांकडी फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयांत जपून ठेविल्या आहेत. ड्यूक कहानामोकू नांवाचा हवाईचा विख्यात जलतरणपटु 1914 च्या अखेरीस ऑस्ट्रेलियांत गेला असतां त्यानें तेथें लांकडाची फळी घडवून सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर लाटांवरचें आपलें कौशल्य दाखविलें. ती फळी तेथें आजही एखाद्या पालखीसारखी सांभाळली जाते. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर सामान्य कुटुंबें सुट्टींत पोटाखालीं धरावयाची प्लायवुडची आंखूड फळी नेत. तिला तिकडे बेलीबोर्ड म्हणत. पुढें फेसाळ प्लास्टिकच्या हलक्या फळ्या निघाल्या आणि लांकडी फळ्या गॅरेजच्या कोपऱ्यांत गेल्या. कित्येकांचें सरपण झालें. आज त्याच फळ्या हौशी लोक शोधत फिरतात, त्यांचे लिलाव होतात, आणि ज्या फळीवर मूळच्या मालकाचें नांव वा कारागिराचा छाप शाबूत असेल तिला अधिक किंमत येते. जुनी फळी खरवडून, नवें व्हार्निश लावून चकचकीत केली तर जाणता ग्राहक तिच्याकडे पाठ फिरवितो, हा तिकडचा अनुभव. तो इकडील पेटीच्या मालकांनींही लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

आपल्याकडे अशा दुर्लक्षित वस्तूंना मोल आहे हें प्रथम ज्यांनीं ओळखलें त्यांत पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. 1896 सालीं जन्मलेले हे गृहस्थ कवि म्हणून ‘अज्ञातवासी’ या नांवानें प्रसिद्ध होते. उपजीविका चष्म्याच्या दुकानावर. पण त्यांचा जीव होता अडकित्त्यांत, दिव्यांत, कुलपांत, दौतींत आणि दारांच्या चौकटींत. पत्नी कमलाबाईंच्या साह्यानें, गांवोगांव फिरून, प्रसंगीं घरांतला पैसा मोडून, त्यांनीं सुमारें 20,000 वस्तू जमविल्या. अल्पवयांत वारलेल्या आपल्या राजा या मुलाचें नांव त्यांनीं संग्रहाला दिलें आणि सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. 1990 सालीं ते निवर्तले तेव्हां त्यांच्या मागें पैसा नव्हता, संग्रहालय होतें. गंजीफांच्या बाबतींत असेंच कार्य एका परकीयानें केलें. रुडॉल्फ फॉन लेडन हा जर्मन गृहस्थ 1933 सालीं मुंबईस आला आणि येथील चित्रकलेचा रसज्ञ टीकाकार म्हणून नांवारूपास आला. त्यानें देशभर हिंडून गंजीफांचे संच मिळविले, त्यांच्या खाणाखुणा लावल्या, आणि या पत्त्यांवरील त्याचा ग्रंथ 1982 सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयानें प्रसिद्ध केला. आपल्या माळ्यावरची वस्तु आपल्याला दाखविण्यास बर्लिनचा माणूस यावा लागला, याचें वैषम्य वाटलें तर तें अस्थानीं नाहीं.

आतां या पेटीची किंमत ठरते कशी? पहिली गोष्ट म्हणजे संचाची पूर्णता. 120 पानें आणि पेटी असा संपूर्ण संच विरळा. एक पान गहाळ असलें तरी खेळ अडतो आणि किंमतही उतरते. दुसरी गोष्ट हाताचें काम. रेघेचा आत्मविश्वास, रंगांचा ताजेपणा, राजाच्या पानावरील थाट यांवरून दरबारी काम कोणतें व बाजारी कोणतें तें कळतें. तिसरी गोष्ट काळ आणि ठिकाण. वाडीचें काम, विष्णुपूरचें काम, ओढिशाचें काम आणि म्हैसूरचें काम यांत जाणत्याला फरक दिसतो. चौथी गोष्ट, जी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लौकर हरवणारी, ती म्हणजे वस्तूची हकीकत. ही पेटी कोणाची, कोणी आणली, कोणत्या सणाला डाव पडे, कोणत्या पानाचा कांठ कोणत्या भांडणांत तुटला, एवढी माहिती चार ओळींत लिहून पेटींत ठेवली असेल तर ती पेटी केवळ जुनी वस्तु राहत नाहीं, त्या घराच्या दप्तरांतला कागद होते.

व्यापाऱ्याचा हिशेब मात्र याच्या उलट चालतो. संपूर्ण पेटीला ग्राहक एक. सुट्या राजांना दहा. म्हणून तो दहा राजे वेगळे काढतो, कांचेच्या चौकटींत बसवितो आणि दिवाणखान्याच्या भिंतीसाठीं विकतो. उरलेलीं पानें मूठमूठ जातात. 120 पानें इतकीं वर्षें एकत्र राहिलीं, तीं एका दुपारीं दहा गांवांना जातात, आणि मग जगांतील कोणताही धनिक तीं पुन्हा एकत्र आणूं शकत नाहीं. मागणी वाढली म्हणजे नकलाही वाढतात. नवें पान चुलीच्या धुरांत धरून, चहाच्या पाण्यांत बुडवून जुनें करण्याची विद्या अवघड नाहीं. खरें जुनें पान वापरानें झिजतें, आणि ही झीज जेथें बोटें लागतात त्या कडेला अधिक असते. नकली पान सर्वत्र सारखेंच मळकट असतें. हौशी ग्राहकानें एवढें तरी पाहावें.

कायद्याचीही एक बाजू आहे. 1972 चा पुरावस्तूंविषयींचा केंद्रीय कायदा 1976 पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी कलावस्तु ही पुरावस्तु ठरते. तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशीं नेण्यास वा पाठविण्यास मनाई आहे. जुन्या चित्रांसारख्या कांहीं प्रकारांची नोंदणीही करावी लागते. म्हणून पेटी पणजोबांच्या काळची आहे असें ज्याला वाटत असेल त्यानें ती विकण्याआधीं पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला दाखवावी. व्यापारी घाई करतो, तेवढ्यावरूनच थांबण्याचें कारण ओळखावें.

परंतु किंमत वाढली म्हणून मोल कळलें, असें समजणें चुकीचें होईल. गंजीफांची खरी कसोटी लिलावांत झाली नाहीं, ती सावंतवाडीच्या राजवाड्यांत झाली. तेथील राजेसाहेब शिवरामराजे भोंसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं चौकशी केली तेव्हां ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी नांवाचे एक वृद्ध कारागीरच काय ते उरले होते. शिकावयास कोणी येत नव्हतें. तेव्हां बडोद्याच्या गायकवाड घराण्यांत वाढलेल्या या राणीसाहेब स्वतः त्या वृद्धाच्या शिष्या झाल्या. खळ कशी शिजवावी, लाख कशी द्यावी येथपासून त्यांनीं सर्व शिकून घेतलें, आणि पुढें राजवाड्याच्या दरबारी दालनांत तरुण कारागिरांना बसवून काम सुरू केलें. राणीसाहेब 2018 सालीं निवर्तल्या. काम चालू आहे. 2024 सालीं सावंतवाडीच्या गंजीफांना भौगोलिक मानांकनही मिळालें. राणीसाहेबांनीं त्या वेळीं केवळ जुने संच विकत घेऊन कपाटांत ठेवले असते, तर कपाट श्रीमंत झालें असतें आणि विद्या पुंडलिक चिताऱ्यांबरोबर गेली असती.

संग्रह करणाऱ्यांनीं या ठिकाणीं थोडें आत्मपरीक्षण करावें. जुन्यालाच मान, नव्याला नाक मुरडणें, या वृत्तीनें जिवंत कारागीर उपाशी मरतो, आणि त्याच्या मरणानें जुन्या मालाची किंमत आणखी चढते. असा फायदा सज्जनाला शोभणारा नाहीं. ज्याच्या कपाटांत एक जुना संच आहे त्यानें वाडीहून एक नवा संच घ्यावा आणि तो खेळण्यासाठीं घ्यावा; जुनें जपावें, नव्यानें खेळावें.

आणि जपावें तें कसें? चंदगडच्या बाजूला पाऊस महिनोन् महिने हटत नाहीं. भिंतींना ओल येते, कपड्यांना बुरशी चढते. इतकीं वर्षें पेटी टिकली ती बहुधा चुलीच्या धुरामुळें. त्या धुरानें माळा कोरडा राहिला आणि किडा दूर राहिला. आतां चूल गेली, धूर गेला. तेव्हां काळजी माणसानेंच घेतली पाहिजे. चिंचोक्याची खळ हें कसरीचें आवडतें अन्न. उष्णतेनें लाख चिकट होते आणि पानें एकमेकांस धरतात. म्हणून पेटी ओलसर भिंतीपासून आणि उन्हापासून दूर, कोरड्या कपाटांत, धुतलेल्या मऊ सुती वस्त्रांत गुंडाळून ठेवावी. पावसाळा संपल्यावर एकदां उघडून पाहावी. ओल्या फडक्यानें पुसूं नये, तेल लावूं नये, उडालेला रंग घरच्या मुलाकडून भरून घेऊं नये, आणि तुटलेलें पान बाजारच्या डिंकानें चिकटवूं नये. पानें मोजून, रंगवार लावून, कोणतीं नाहींत त्याची यादी करावी. न जाणो, एक मासा देव्हाऱ्याच्या खालीं आणि एक परशु आजीच्या बटव्यांत निघावयाचा.

सर्वांत निकडीचें काम मात्र याहून वेगळें आहे. अशा घरांत कधीं कधीं नव्वदीकडे झुकलेली एखादी आजी वा आजोबा असतात, ज्यांनीं लहानपणीं हा डाव पाहिला असतो. पेटी आणखी पन्नास वर्षें टिकेल. तीं माणसें टिकणार नाहींत. कोणत्या रंगाचा एक्का मोठा, कोणाचा लहान, उतारी कोणाची, डाव कोठें मोडतो, हें त्यांना आज विचारलें तर कळेल. उद्यां विचारतां येणार नाहीं. व्यापारी दाराशीं उभा असेल तर त्याला थोडें बसवावें, पाणी द्यावें, पण पेटी त्याच्या हातीं देण्यापूर्वीं ती आजीपुढें ठेवावी. तिच्या हातांत पान गेलें कीं बोटें आपोआप कांठ चांचपूं लागतात, आणि ती विचारते, आतां दिवस आहे कीं रात्र? नातवंडें सांगतात, दिवस. मग ती पानांत रामाचा रंग शोधूं लागते. त्या दुपारीं पेटी विकावयाची कीं ठेवावयाची, हा प्रश्न बहुतेक घरांत पुन्हा निघणार नाहीं. आणि निघालाच, तर निदान पेटींत काय आहे हें जाणून त्याचें उत्तर देतां येईल.